बादालाचा घन आणि कारंज्याची पोथी

वऱ्हाडच्या मुलखातील कारंजा लाड हे गाव बहुतेक मराठी वाचकांना दोन कारणांनी ठाऊक असते. दत्तसंप्रदायाला ते श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून वंदनीय आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेने ज्या गबर पेठेवर चाल केली ती पेठ म्हणून ते आठवते. परंतु ज्या सधनतेमुळे ती फौज तेथवर आली, तिच्याच आश्रयाने या कसब्यात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरांची मंदिरे उभी राहिली, आणि तेथील भट्टारकांनी व त्यांच्या श्रावकांनी पिढ्यानपिढ्या ग्रंथांच्या नकला करवून त्यांचे भांडार जतन केले, ही गोष्ट गावाबाहेर फारशी कोणी बोलत नाही. अपभ्रंश भाषेच्या अभ्यासकांनी या भांडारांचे ऋण केव्हाच मान्य केले आहे. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी १९३१ साली संपादिले आणि त्याच कवीचे ‘णायकुमारचरिउ’ प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३३ साली प्रकाशात आणले, ते कारंज्याच्याच ग्रंथमालांतून. गणितावर असलेले कारंज्याचे ऋण मात्र अजून कोणी पुरतेपणी मोजलेले नाही. त्याविषयी आज लिहावयाचे आहे, आणि तेही एका संख्येच्या निमित्ताने.

ती संख्या अशी: ७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६. अंक एकोणतीस. प्राचीन जैन वाङ्मयात ती मनुष्यलोकातील ‘पर्याप्त’ मनुष्यांची, म्हणजे ज्यांची इंद्रियादी शक्ती पूर्णत्वास गेली आहे अशा मनुष्यांची, संख्या म्हणून आलेली आहे. श्वेतांबरांच्या अनुयोगद्वार सूत्रात तिचे वर्णन दोनाने शहाण्णव वेळा भागली जाणारी राशी असे केले आहे; दिगंबर परंपरेत दहाव्या शतकातील नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या गोम्मटसारात तिचे एकोणतीसही अंक अक्षरांच्या संकेताने एका गाथेत ओवलेले आहेत, म्हणजे ज्याला संकेत ठाऊक आहे त्याला ती गाथा म्हणता म्हणता संख्या मांडता यावी. एवढी मोठी राशी, एकही अंक इकडचा तिकडे न होता, पाठांतराच्या बळावर शतकांमागून शतके टिकावी यासाठी केलेली ही तजवीज आहे.

परंतु या संख्येचे खरे मोठेपण तिच्या लांबीत नाही. केवळ मोठा आकडा सांगावयाचा तर कोणीही एकावर वाटेल तितकी शून्ये देऊ शकतो. येथे राशी एका नियमाने घडविलेली आहे, आणि तो नियम असा की दोनाचा वर्ग करावा, आलेल्या फळाचा पुन्हा वर्ग करावा, आणि हाच क्रम पुढे चालवावा. पहिला वर्ग ४, दुसरा १६, तिसरा २५६, चौथा ६५,५३६, पाचवा ४,२९,४९,६७,२९६ आणि सहावा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. चौथ्या वर्गाला जैन गणिती पण्णट्ठी म्हणत, पाचव्याला बादाल आणि सहाव्याला एकट्ठी. पाचव्या व सहाव्या वर्गांचा गुणाकार केला, अथवा बादालाचा घन केला, तरी आपली एकोणतीस अंकी राशी मिळते. पहिला मार्ग बत्तीस आणि चौसष्ट यांच्या बेरजेचा, दुसरा बत्तिसाच्या तिपटीचा. दोन्हीकडे उत्तर शहाण्णवच येते.

राशीला किती वेळा निम्मे केले असता एक उरतो, त्या गणनेला या ग्रंथांत ‘अर्धच्छेद’ अशी संज्ञा आहे. आपल्या राशीचे अर्धच्छेद शहाण्णव. दोन राशींचा गुणाकार केला की त्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज होते, भागाकार केला की वजाबाकी होते, वर्ग केला की दुप्पट होते. हे नियम आचार्य वीरसेनांच्या ‘धवला’ टीकेत योजलेले आहेत, आणि निम्म्याऐवजी तिसरा हिस्सा व चौथा हिस्सा घेऊन होणारे त्रिकच्छेद आणि चतुर्थच्छेदही तेथे आहेत. वर्गाचा क्रम किती पायऱ्या चढला याची गणना ‘वर्गशलाका’ या संज्ञेने होते. एकट्ठीच्या वर्गशलाका सहा. नुसत्या आकड्यांनी लिहू गेल्यास कागद पुरणार नाही अशा राशी या दोन साधनांच्या साहाय्याने बोटांवर आणता येतात, त्यांची तुलना करता येते, त्यांच्यावर गणिती क्रिया करता येतात. कारंजा ज्यात येते त्या वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या खानेसुमारीत सुमारे बारा लाख होती. तिचे अर्धच्छेद विसाहून किंचित अधिक, कारण एकाची वीस वेळा दुप्पट केली की १०,४८,५७६ होतात. सबंध पृथ्वीवरील आजची मनुष्यसंख्या घेतली तरी तेहेतीस अर्धच्छेद पुरे होत नाहीत. बारा लाखांपासून आठशे कोटींपर्यंतचा पल्ला तेरा पायऱ्यांच्या आत आटोपतो, हे एकदा मनावर ठसले म्हणजे शहाण्णव पायऱ्या किती उंच जातात याची कल्पना येऊ लागते.

या राशीच्या अंगी असलेला आणखी एक गुण, जो जुन्या ग्रंथकारांनी शोधला असे मी म्हणत नाही, परंतु ज्याला ज्याला पाटी-पेन्सिल घेऊन बसण्याची हौस आहे त्याने अवश्य पडताळून पाहावा, तो असा. तिला ३, ५, ७, ९, १३ अथवा १७ यांपैकी कोणत्याही संख्येने भागा, बाकी एकच उरते. एवढेच नव्हे, तर ९७, १९३, २४१, २५७, ६७३ आणि ६५,५३७ यांनी भागले तरीही बाकी एकच. नवांचा ताळा तर तोंडी घेता येतो: एकोणतीस अंकांची बेरीज १२७, तिची १०, तिची १. याचे कारण शोधू गेल्यास संख्येचे अंतरंग उघडते. एकाची दुप्पट करीत जावे आणि प्रत्येक वेळी नवाने भागून बाकी मांडावी, म्हणजे २, ४, ८, ७, ५, १ अशा बाक्या येतात आणि सहाव्या पायरीला चक्र पुन्हा आरंभाशी येते. साताचे चक्र तीन पायऱ्यांचे, पाचाचे चार, सतराचे आठ, तेराचे बारा, २५७ चे सोळा, ९७ चे अठ्ठेचाळीस. आता शहाण्णव ही संख्या तीन, चार, सहा, आठ, बारा, सोळा, अठ्ठेचाळीस या सर्वांनी निःशेष भागली जाते. म्हणून ही सगळी लहानमोठी चक्रे शहाण्णवाव्या पायरीला एकाच वेळी पुरी होतात. अकराचे चक्र दहा पायऱ्यांचे आहे, शहाण्णवात ते बसत नाही, आणि म्हणून अकराने भागले असता बाकी नऊ उरते. यात गूढ काही नाही. जे आहे ते कारणासह सांगता येते, आणि गणिताचा आनंद कारणासह सांगता येण्यातच असतो.

दोनाच्या या वर्गमालिकेने पुढे युरोपातील थोर गणितींनाही गुंतविले. सतराव्या शतकात फेर्मा या फ्रेंच गणितीने याच मालिकेतील प्रत्येक वर्गात एक मिळविला आणि मिळणारी प्रत्येक संख्या मूळसंख्या असावी असे अनुमान केले. ५, १७, २५७ आणि पण्णट्ठीत एक मिळवून होणारी ६५,५३७ या खरोखरच मूळसंख्या आहेत. परंतु १७३२ साली ऑयलरने दाखवून दिले की बादालात एक मिळविला असता होणारी ४,२९,४९,६७,२९७ ही राशी ६४१ आणि ६७,००,४१७ यांचा गुणाकार आहे, आणि फेर्माचे अनुमान तेथेच ढासळले. थोरामोठ्यांच्या अनुमानाचीही रुजवात घ्यावी लागते आणि ती घेणाऱ्याने भीड धरू नये, हा दाखला मी मुद्दाम येथे आणला आहे. कारण नेमकी हीच गोष्ट वीरसेनांनी ऑयलरच्या नऊशे वर्षे आधी केली होती.

तो प्रसंग असा. पुष्पदंत (वर आलेल्या अपभ्रंश कवीहून हे वेगळे) आणि भूतबली या आचार्यांनी रचलेल्या षट्खंडागमावर वीरसेनांनी ‘धवला’ ही प्रचंड टीका राष्ट्रकूटांच्या अमलात लिहिली. हिरालाल जैन यांच्या गणनेप्रमाणे ती ई. स. ८१६ साली पूर्ण झाली. मूळ सूत्रात पर्याप्त मनुष्यांच्या संख्येला दोन प्रकारच्या मर्यादा घातलेल्या आहेत. एका मापाने ती दोनाच्या सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्या वर्गाच्या खाली आहे. दुसऱ्या मापाने ती कोटीच्या घनाच्या वर आणि कोटीच्या चतुर्घाताच्या खाली आहे. बादालाचा घन पहिल्या मापात नीट बसतो. दुसऱ्यात तो बसत नाही. कारण कोटीचा चतुर्घात म्हणजे एकावर अठ्ठावीस शून्ये, आणि बादालाचा घन त्याच्या जवळजवळ आठपट आहे. किंबहुना त्या मर्यादेच्या आत राहणाऱ्या कोणत्याही राशीला अठ्ठाविसाहून अधिक अंक असूच शकत नाहीत, मग एकोणतीस अंकांची परंपरा आणि सूत्रातील मर्यादा या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा?

लखनौ विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांनी १९४२ साली निघालेल्या ‘धवले’च्या चौथ्या खंडात त्या ग्रंथातील गणितावर जो विस्तृत निबंध लिहिला, त्यात त्यांनी हे नमूद केले आहे की वीरसेनांना हा विरोध पुरता ठाऊक होता, आणि मनुष्यलोकाच्या क्षेत्रफळाचा हिशेब मांडून त्यांनी ती मोठी संख्या अग्राह्य ठरविली. दक्ष कारकुनाने कीर्द आणि खतावणी समोरासमोर ठेवून रक्कम न जुळल्यास कलम अडवून धरावे, तशी ही रीत आहे. पूज्य परंपरेतून आलेला आकडा होता, त्यामागे श्रद्धेचे बळ होते, तो घडविण्याचा नियमही सुंदर होता. तरी एवढी माणसे एवढ्या भूमीवर उभी राहू शकतात काय, हा साधा प्रश्न वीरसेनांनी टाळला नाही.

हा हिशेब आजच्या वाचकाला जैन भूगोलाच्याच मापांनी, आपल्या परीने, करून पाहता येतो. मनुष्यलोक म्हणजे अडीच द्वीपांचे वर्तुळ. त्याचा व्यास पंचेचाळीस लाख योजने. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे सोळा लाख कोटी चौरस योजने. चार कोसांचे योजन, दोन हजार धनुष्यांचा कोस, शहाण्णव अंगुळांचे धनुष्य; या हिशेबाने एका योजनात ७,६८,००० अंगुळे होतात, आणि द्वीप-समुद्र मोजण्याचे ‘प्रमाण’ अंगुळ शरीर मोजण्याच्या अंगुळाच्या पाचशेपट धरलेले असल्यामुळे हा आकडा आणखी पाचशेपट होतो. इतकी उदार मापे घेऊनही बादालाच्या घनाइतकी माणसे त्या वर्तुळात उभी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे तीस चौरस अंगुळे जागा येते, म्हणजे साडेपाच अंगुळांच्या चौकोनाहूनही थोडी कमी. त्यात लवणसमुद्र आणि कालोदधी यांचे पाणीही भूमी म्हणून धरलेले आहे. साडेपाच अंगुळांच्या चौकोनात मनुष्याचे एक पाऊलही मावत नाही. आकडा शब्दशः पायाखालच्या जमिनीवर आणून पाहण्याची ही बुद्धी मला त्या एकोणतीस अंकांहून अधिक आदरणीय वाटते.

आता कारंज्याकडे वळतो. ‘धवले’च्या ताडपत्री प्रती दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्री येथे दीर्घकाळ कडेकोट बंदोबस्तात होत्या, त्यांचे दर्शन होई, वाचन होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्या खटपटीने त्यांच्या नकला होऊ लागल्या, आणि त्या नकलांपैकी एक बाहेर पडून सहारनपुरास गेली. तेथून देवनागरी प्रती निरनिराळ्या गावी पसरल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात प्राध्यापक असलेल्या हिरालाल जैन यांनी हा ग्रंथ छापण्याचे मनावर घेतले तेव्हा मूडबिद्रीची मूळ प्रत हाती नव्हती. अमरावतीची, आरा येथील आणि कारंज्याची अशा नकलांवर त्यांना विसंबावे लागले. कारंज्याची ही प्रत महावीर ब्रह्मचर्याश्रमाची. १९१८ साली ब्रह्मचारी देवचंद, जे पुढे मुनी समंतभद्र म्हणून ओळखले गेले, त्यांनी हा आश्रम स्थापिला होता. पाठभेदांच्या टिपांत ‘क’ या अक्षराने ही प्रत निर्दिष्ट होते. पहिला खंड १९३९ साली निघाला, आणि ज्या तिसऱ्या खंडात संख्येचा हा सगळा ऊहापोह आहे, तो ‘द्रव्यप्रमाणानुगम’, १९४१ साली. एकीकडे महायुद्धाने कागद महाग झालेला, दुसरीकडे मूळ पोथी दुर्लभ, आणि तरी वऱ्हाडातील एका महाविद्यालयाचा प्राध्यापक आणि शेजारच्या कसब्यातील एक आश्रम यांनी मिळून हजार वर्षांहून जुना संख्याविचार छापील पानावर आणला. सोळा खंडांचे ते काम पुरे होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. विदर्भाच्या विद्याव्यासंगाचा इतिहास लिहिला जाईल तेव्हा या घटनेला त्यात एक स्वतंत्र प्रकरण मिळाले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

अलीकडे अशा विषयांवर बोलताना एक घाई दिसते. मायक्रोसॉफ्टच्या ‘डॉट नेट’ या संगणक प्रणालीत पैशाच्या हिशेबासाठी जो ‘डेसिमल’ नावाचा संख्याप्रकार आहे, त्यात मावणारी मोठ्यात मोठी संख्या बादालाच्या घनाहून बरोबर एकाने कमी आहे. हे सत्य आहे आणि ते ऐकून कोणालाही विस्मय वाटेल. परंतु त्याचे कारण इतकेच की संगणकही दोनाच्या पटीत मोजतो, त्या प्रकारात अंकांसाठी शहाण्णव द्विमान घरे राखलेली आहेत, आणि एकाची शहाण्णव वेळा दुप्पट नवव्या शतकातही तीच होती आणि आजही तीच आहे. यावरून आमच्या आचार्यांना संगणक ठाऊक होता असे भाषण करणारा वक्ता वीरसेनांचा गौरव करीत नाही; जे वीरसेनांनी केले नसते ते करतो. तसेच १६१४ साली नेपियरने लॉगरिदम प्रसिद्ध केले त्याच्या आठशे वर्षे आधी अर्धच्छेदाचे नियम लिहिले गेले, हेही अभिमानाने सांगावे. मात्र अर्धच्छेदाची गणना दोनाच्या घातांवर चालते, नेपियरने वाटेल त्या संख्येसाठी कोष्टके दिली, हा भेद त्याच श्वासात सांगावा. याच्या उलट, ज्यांना धर्मग्रंथ म्हटला की त्यात गणित असूच शकत नाही असे वाटते, त्यांनी तिसरा खंड उघडण्याचे कष्ट घेतलेले नसतात. दोन्ही पक्षांचा तोटा सारखाच होतो, आणि तो भरून निघावयाचा तर पोथी वाचणारे डोळे आणि गणित करणारा हात एकाच माणसाच्या ठिकाणी असले पाहिजेत.

अशी माणसे घडविणे अशक्य नाही. देवळालीच्या शाळेत मास्तरकी करणारे द. रा. कापरेकर हाताशी पाटी आणि चिकाटी यांवाचून काही नसताना संख्यांच्या अंतरंगात शिरले, आणि ६१७४ ही त्यांची संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. सातवी-आठवीच्या वर्गात घातांकाचे नियम शिकवले जातात तेव्हा विद्यार्थी ते घोकतात आणि विसरतात. त्याच नियमांचे उदाहरण म्हणून बादालाचा घन फळ्यावर मांडून, तो कोटीच्या चतुर्घाताहून मोठा की लहान हे मुलांकडूनच काढवून घेतले, तर बाराशे वर्षांपूर्वीचा एक खरा वाद त्यांना आपल्या हाताने सोडविता येईल. वाशिम आणि अमरावती जिल्ह्यांतील गणिताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की पाठ्यपुस्तकाची वाट न पाहता त्यांनी एक तास यासाठी द्यावा.

विद्यापीठांकडे मात्र मागणी याहून मोठी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याच निर्णयात प्राकृतलाही तो दिला. या दर्जाचा उपयोग समारंभांपुरता होऊ नये. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ आणि रामटेकचे कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ यांनी मिळून गणिताच्या पदवीधरांना प्राकृत शिकविण्याची आणि प्राकृतच्या विद्यार्थ्यांना गणित शिकविण्याची सोय करावी, ‘द्रव्यप्रमाणानुगमा’तील गणिताची मराठी आवृत्ती, शालेय गणित येणाऱ्या कोणालाही उमजेल अशा टिपांसह, त्यांच्याकडून करवून घ्यावी, आणि कारंज्यातील मंदिरांच्या व आश्रमाच्या विश्वस्तांनी या अभ्यासकांना आपली भांडारे उघडी करावीत. पहिले विद्यार्थी दोनच मिळाले तरी त्यांच्यापासून आरंभ करावा.